चावी कुणाच्या खिशात?

'अवजार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'कुलूप' अरबीतून आलं. तिथं ते 'कुफ्ल' होतं. 'चावी' मात्र पोर्तुगिजांची. त्यांच्याच बरोबर 'मेस्त्री' आला आणि मेस्त्रीचा 'पगार'ही आला. शब्दांची ही ये-जा पाहिली की आपला किनारा किती गजबजलेला होता ते कळतं. अवजार, त्याला घालायचं कुलूप, कुलपाची चावी, काम करणारा मेस्त्री आणि त्याचा पगार, हे पाचही शब्द बाहेरून आले आणि इथल्या लाल मातीत असे मुरले, की आज कुणाला ते परके वाटत नाहीत. या पाच शब्दांच्या आपसांतल्या नात्याचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे. कारण ते नातं अलीकडे बदलू लागलं आहे.

बदल असा. रत्नागिरीत कुठंही इमारतीचं काम चालू असलं की बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन, ग्राइंडर, लाकूड कापायचं कटर नजरेला पडतं. जगाच्या बाजारात आता अशी काही मशीन येतात, की त्यांच्या पोटात एक बारीकसा वायरलेस भाग बसवलेला असतो. मालकानं आपल्या मोबाइलवरून हुकूम दिला की मशीन कुलूपबंद. मग बटण दाबा, बॅटरी बदला, ते ढिम्म हलत नाही. मालकानं पुन्हा परवानगी दिली की चालू. मिलवॉकी या अमेरिकी कंपनीनं २०१५-१६च्या सुमारास 'वन-की' या नावानं अशी सोय आणली. इतर कंपन्याही त्याच वाटेनं निघाल्या. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या 'होम डेपो' या दुकानांच्या साखळीनं पुढची पायरी जाहीर केली. गल्ल्यावर पैसे भरले की तिथंच मशीन जागं करायचं. न भरता कुणी उचलून नेलं तर ते त्याच्या घरी निजलेलंच राहणार.

म्हणजे कुलूप आहे, पण चावी दिसत नाही. ती हवेतून येते.

कुणी म्हणेल, चोर थांबले तर त्यात वाईट काय? काहीच नाही. हातावर पोट असलेल्या माणसाचं मशीन चोरीला गेलं, की त्या दिवसाबरोबर त्याचा पुढचा महिनाही जातो. पण ज्याच्या हातात अवजार आहे त्याच्याच खिशात चावी असते असं नाही, आणि प्रश्न तिथून सुरू होतो. हा प्रश्न मोबाइलबरोबर आलेला नाही. तो फार जुना आहे.

आपल्या गावगाड्यात सुताराची वाकस, रंधा, पटाशी, गिरमिट ही त्याची स्वतःची असत. लोहाराचा भाता त्याचा. खंडेनवमीला ही अवजारं धुऊन-पुसून मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं, ही रीत अजून टिकून आहे. आमच्या मोहल्ल्यांतले जुने जहाजबांधणीचे कारागीरही आपली पटाशी दुसऱ्याच्या हाती सहजासहजी देत नसत, असं मी ऐकत आलो आहे. वर्षानुवर्षं वापरून मूठ मालकाच्या पंजाप्रमाणं झिजलेली असे. दुसऱ्यानं धरली तर ती त्याच्या हाती नीट बसायचीच नाही. अवजाराला वेगळ्या कुलपाची गरज नव्हती.

अवजार आणि हात यांची फारकत कारखान्यानं केली. आणि गंमत पाहा, हा कारखाना ज्या यंत्रांवर उभा राहिला त्यांतली काही महत्त्वाची यंत्रं एका कुलूपवाल्याच्या दुकानात जन्मली. जोसेफ ब्रामा हा लंडनचा कारागीर. १७८४ मध्ये त्यानं एका नव्या कुलपाचं पेटंट घेतलं. चोराला न उघडणारं कुलूप, असा त्याचा दावा होता. पण त्याचे भाग इतके बारीक, की हातानं घासून ते एकसारखे होईनात. तेव्हा त्यानं हेन्री मॉडस्ली नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हाताशी घेतला. या पोरानं कुलपाचे भाग बनवणारी यंत्रंच घडवली. पुढे लेथला त्यानं जी जोड दिली, म्हणजे कापणारं हत्यार माणसाच्या मुठीऐवजी सरकत्या पकडीत घट्ट बसवण्याची, त्यातून आधुनिक यंत्रकामाची वाट मोकळी झाली. आज आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये लेथसमोर उभा राहणारा मुलगा मॉडस्लीचं देणं लागतो.

त्या मॉडस्लीचं पुढं काय झालं? बायको-मुलं झाली, खर्च वाढला. त्यानं आठवड्याच्या तीस शिलिंगांवर वाढ मागितली. ब्रामानं ती दिली नाही. १७९७ मध्ये मॉडस्ली बाहेर पडला आणि त्यानं स्वतःचा कारखाना काढला. कुलूप, अवजार, मेस्त्री आणि पगार, सगळे एकाच दुकानात भेटले आणि पगारावरून फाटलं. मला ही गोष्ट फार आपली वाटते.

ब्रामाचं कुलूप दुकानाच्या खिडकीत टांगलेलं होतं. जो ते चावीविना उघडेल त्याला दोनशे गिनींचं बक्षीस, अशी पाटी होती. साठेक वर्षं ती पाटी तशीच राहिली. मग १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून त्यानं ते उघडलं. इंग्लंडात केवढा गहजब! कुलपातले दोष चारचौघांत सांगू नयेत, चोर शहाणे होतील, अशी ओरड झाली. हॉब्जचं म्हणणं उलट होतं. चोर आधीच शहाणे असतात. बेसावध असतो तो कुलूप विकत घेणारा गिऱ्हाईक. हा वाद अजून मिटलेला नाही. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता मुंबईला जाऊ, कारण आपला रत्नागिरीकर तिथंच गेला. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, १८५६ पासून सूत निघू लागलं, आणि पुढच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना सर्वांत जास्त हात पुरवले ते आपल्या जिल्ह्यानं. गावात ज्याची कोयती, ज्याचं नांगर स्वतःचं होतं, तो माणूस तिथं दुसऱ्याच्या साच्यावर उभा राहिला. दरवाजावर त्याची ओळख म्हणजे एक नंबर. वर्कशॉपमध्ये अवजारांची वेगळी खोली. पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, पाना किंवा ड्रिल घ्यायचं. संध्याकाळी अवजार परत, बिल्ला परत. जगभरच्या वर्कशॉपांत ही पद्धत होती. खिळ्यावरचा बिल्ला पाहिला की कुठली वस्तू कुणाकडे आहे ते एका नजरेत कळे. हरवली तर पगारातून कापून घेत. ही पद्धत साधी होती, आणि तिच्यात एक इमान होतं. बिल्ला डोळ्यांसमोर असे. मालकाला जेवढं दिसे तेवढंच कामगारालाही दिसे.

पण गिरणीचं खरं कुलूप अवजारांच्या खोलीला नव्हतं, ते फाटकाला होतं. 'टाळेबंदी' हा शब्द २०२० मध्ये करोनानं घराघरात नेला, तरी गिरणगावात तो फार आधीपासून माहीत होता. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. कित्येक फाटकं पुन्हा उघडलीच नाहीत. साचे आत, माणसं बाहेर. त्या वर्षात आपल्या जिल्ह्यातल्या किती घरी एक ट्रंक आणि एक माणूस परत आला, हे माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको.

याच लालबागच्या परिसरात १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला होता. हा मनुष्य शिकलेला वकील. वकिली सोडून आधी त्यांनी शस्त्रक्रियेची अवजारं बनवली. माल उत्तम होता. पण त्यावर भारतात बनवल्याचा शिक्का मारायला विकत घेणारा तयार होईना, आणि अर्देशीर शिक्क्याशिवाय द्यायला तयार होईनात. धंदा बसला. मग ते कुलपांकडे वळले. लोकांनी अवजारावर विश्वास ठेवला नाही, कुलपावर ठेवला!

गिरण्या गेल्या तसे आपले लोक आखातात गेले. आमच्या मोहल्ल्यांतून तर घरटी एक. तिथल्या तेल कंपन्यांच्या साइटवर एक रीत आहे. प्रत्येक अवजार ठरावीक मुदतीनं तपासतात आणि त्यावर त्या मुदतीचा रंगीत टेप गुंडाळतात. रंग बदलला की जुन्या रंगाचं अवजार वापरायचं नाही. परत आलेला माणूस गावातल्या घरी स्वतःच्या ड्रिललाही असा टेप लावताना मी पाहिला आहे. सवय, दुसरं काय! पण हा टेप चोरासाठी नव्हता, तो हात शाबूत राहावा म्हणून होता. कुलपाची ही दुसरी जात. तिच्याबद्दल पुढं बोलू.

आता हवेतल्या चावीकडे वळू.

१८९५च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी एक प्रयोग दाखवला. एका खोलीतून अदृश्य लहरी सोडल्या. त्या भिंतींतून आरपार गेल्या, पलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा बार उडाला. मधे तार नाही. लांब राहून यंत्राला हुकूम देण्याचा जगातल्या सुरुवातीच्या जाहीर प्रयोगांपैकी हा एक, आणि तो आपल्या देशात झाला. यातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. घंटेला आणि दारूला हुकूम कुणाचा हे कळत नव्हतं. लहर आली की बार उडायचा, मग ती बोसांची असो की आणखी कुणाची.

तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी लोखंडी होडी सोडली आणि दुरून ती वळवून दाखवली. ही अडचण टेस्लाच्या लक्षात आली होती. दुसऱ्या कुणी तशीच लहर सोडली तर होडी त्याचंही ऐकेल. पुढे त्यानं असा उपाय सुचवला, की दोन वेगवेगळ्या लहरी एकाच वेळी आल्या तरच यंत्रानं हलायचं. आपल्या बँकेच्या लॉकरला दोन चाव्या असतात, एक आपली आणि एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. तसंच हे.

मार्कोनीला मात्र एवढी काळजी वाटली नसावी. आपलं यंत्र एका ठरावीक लहरीशी जुळवलेलं असल्यामुळे त्यात दुसरा कुणी घुसू शकत नाही, असं तो सांगत होता. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग त्याचं प्रात्यक्षिक देत होते. दूर कॉर्नवॉलहून मार्कोनीचा संदेश यायचा होता. तो येण्याआधीच यंत्र टकटकू लागलं. शब्द आला 'रॅट्स', म्हणजे उंदीर! पुन्हा पुन्हा तोच. मागोमाग मार्कोनीची टिंगल करणाऱ्या ओळी. ही करामत नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराची होती. त्यानं जवळच आपलं यंत्र लावलं होतं. फ्लेमिंग भडकले, वर्तमानपत्रात पत्र लिहून हा सभ्यतेला सोडून केलेला प्रकार आहे म्हणाले. मॅस्केलिननं उत्तर दिलं, की मी केलं ते लोकहितासाठी. दावा खोटा आहे हे दाखवायला दुसरा मार्ग नव्हता. पाहा, १८५१चा हॉब्ज पुन्हा हजर झाला, फक्त आता तो तारेविना आला होता.

या दोघांच्या मधल्या काळात, १८८३ मध्ये, ऑगस्ट केरखॉफ्स या फ्रान्समधल्या भाषेच्या प्राध्यापकानं गुप्त लिपीबद्दल एक नियम सांगून ठेवला होता. आपली सगळी पद्धत शत्रूच्या हाती पडली आहे असं धरूनच चाला. गुपित राहायला हवी ती फक्त चावी. कुलूप कसं बनलं हे साऱ्या जगाला ठाऊक असावं, तरी ते उघडू नये. चांगल्या कुलपाची कसोटी हीच. अजूनही तीच आहे.

१९४२ मध्ये हेडी लामार या हॉलिवूडच्या नटीनं आणि जॉर्ज अँथील या संगीतकारानं मिळून एक पेटंट मिळवलं. पाणतीराला वायरलेसनं हुकूम देताना शत्रूनं तो अडवू नये म्हणून हुकमाची लहर सारखी बदलत ठेवायची. अठ्ठ्याऐंशी लहरी, पियानोला पट्ट्या असतात तेवढ्या. आपल्या मोबाइलमधलं मूळ ब्लूटूथही याच जातीच्या कल्पनेवर चालतं. ते एकोणऐंशी वाटांवर सेकंदाला सोळाशे उड्या मारतं. बहुतेक वायरलेस मशीनशी मोबाइल बोलतो तो याच ब्लूटूथच्या किंवा त्याच्या धाकट्या भावंडाच्या भाषेत.

आपल्या देशात मात्र हवेला आधीच एक मोठं कुलूप होतं आणि त्याची चावी सरकारच्या खिशात होती. १८८५चा तार कायदा, मग १९३३चा वायरलेस कायदा. या दुसऱ्या कायद्यानं वायरलेसचं यंत्र नुसतं परवान्याविना जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. उर्दू-फारसीत 'परवाना' म्हणजे परवानगीपत्र आणि परवाना म्हणजे ज्योतीवर झेप घेणारा पतंगही. १९४२ मध्ये मुंबईत असे काही परवाने निघाले ज्यांच्याकडे परवाना नव्हता. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी २७ ऑगस्टपासून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. जागा बदलत, पोलिसांना चुकवत त्यांनी तो जेमतेम अडीच-तीन महिने टिकवला. १२ नोव्हेंबरला सगळे पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची सजा झाली.

स्वातंत्र्यानंतरही रेडिओ ऐकायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन दरवर्षी पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून घ्यावी लागत. माझ्या शाळकरी वयातली ही गोष्ट. तपासनीस येणार अशी आवई उठली की शेजारच्या घरातला रेडिओ धान्याच्या कणगीमागे जाई. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तो परवाना गेला. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला, म्हणून आज ब्लूटूथचं खेळणं किंवा ड्रिल वापरायला पोस्टात जावं लागत नाही. १८८५ आणि १९३३च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला. थोडक्यात, ड्रिलच्या पट्ट्यापुरती तरी हवेची चावी सरकारनं बरीचशी सोडली. ती रस्त्यावर पडून राहिली नाही, कंपन्यांनी उचलली.

ती चावी पक्की आहे का? मोटारीच्या रिमोटचं उदाहरण घेऊ, कारण ते जुनं आहे आणि त्याची परीक्षा झालेली आहे. रिमोट दर वेळी तोच संकेत पाठवत असेल, तर झुडपामागे बसलेला चोर तो टिपून नंतर पुन्हा वाजवू शकतो. म्हणून दर दाबाला बदलणारे संकेत आले. एकदा वापरलेला संकेत दार पुन्हा मानत नाही. 'कीलॉक' नावाची अशी एक पद्धत अनेक गाड्यांत आणि गॅरेजच्या दारांत होती. २००७-०८ मध्ये विद्यापीठांतल्या संशोधकांनी तिच्यातली भोकं जाहीर केली. मधल्या काळात चोरांनी वेगळीच युक्ती शोधली होती. संकेत फोडायचाच नाही, घरातल्या खुंटीवरच्या चावीची लहर एका यंत्रानं लांबवून दारातल्या गाडीपर्यंत न्यायची. गाडीला वाटतं मालक शेजारीच उभा आहे. दाराला कान असतो, डोळे नसतात. म्हणून पक्क्या पद्धतीत आता यंत्र आणि चावी एकमेकांना प्रश्न विचारतात, उत्तर गणितानं तपासतात, आणि उत्तर यायला किती वेळ लागला हेही मोजतात. उशीर झाला तर चावी दूर आहे असं समजून दार गप्प राहतं.

इथपर्यंत झाली चोराची गोष्ट. आता कुलपाच्या त्या दुसऱ्या जातीकडे येऊ.

१९४८च्या कारखाने कायद्यात १९७६ साली एक छोटं कलम वाढवण्यात आलं होतं. वीज बंद करणारी जी कळ चुकून पुन्हा चालू होऊ शकते, ती बंद स्थितीत कुलूप घालून ठेवण्याची सोय कारखान्यात असली पाहिजे, असा त्याचा आशय. चांगल्या कारखान्यात याची रीत अशी असते. दुरुस्तीसाठी यंत्रात हात घालणारा माणूस कळ बंद करतो, तिला स्वतःचं कुलूप घालतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. तिघं जण आत काम करत असतील तर तिघांची तीन कुलपं. तिसरा बाहेर येऊन आपलं कुलूप काढीपर्यंत मालकानं म्हटलं तरी यंत्र चालू होत नाही. ज्याचा हात धोक्यात त्याच्याच खिशात चावी. माणसानं कुलपाबद्दल केलेला याहून शहाणा विचार मला माहीत नाही.

रेल्वेनं हाच विचार दोन गावांमध्ये पसरवला. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांत विजेच्या तारेनं जोडलेली 'नील्स टोकन' यंत्रं असत. त्यातून लोखंडी गोळा निघाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि पलीकडच्या स्टेशनमास्तरनं आपल्या यंत्रावरून संमती दिल्याशिवाय गोळा निघत नाही. एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही. ड्रायव्हरला तो गोळा थैलीत घालून देत. आपली कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. त्यानंतर तिथंच राजाराम बोज्जी यांच्या पुढाकारानं 'रक्षा कवच' हे टक्करविरोधी यंत्र तयार झालं. त्यात गोळा नव्हता. वायरलेसवरून गाड्या एकमेकींना ओळखत आणि धोका दिसला की ब्रेक आपोआप लागे.

पण हवेतल्या चावीवर आज कुणाचा जीव रोज टांगलेला असेल, तर तो आपल्या वायरमनचा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगडात किती खांब झोपले, किती दिवस गावं अंधारात होती, ते आपण विसरलेलो नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी खांबावर चढणारा माणूस आधी सबस्टेशनला फोन लावतो. तिथला ऑपरेटर फीडर बंद करतो आणि त्याला 'परमिट' देतो. काम संपलं, माणसं खाली उतरली, की त्यानं परमिट परत करायचं. मगच लाइन चालू. म्हणजे त्या गिरणीतला पितळी बिल्लाच की! फक्त तो आता मोबाइलच्या रेंजमधून जातो. आणि आपल्या घाटवळणांत रेंजचं काय होतं ते मी काय सांगू? 'झालं' आणि 'झालं का' या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. वाऱ्यात, तुटक्या आवाजात ते अक्षर गळून पडलं तर काय होईल याची कल्पना करवत नाही.

म्हणून अनुभवी वायरमन फोनवरच्या परमिटवर थांबत नाही. तो टेस्टर लावतो, तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडून घेतो, मगच हात घालतो. त्यामुळे कुणी चुकून लाइन सोडली, किंवा कुणाच्या बंगल्यातल्या जनरेटरनं उलटी वीज तारेत ढकलली, तरी ती जमिनीत जाते. ही जमिनीला जोडलेली तार म्हणजे त्याच्या खिशातली स्वतःची चावी. हवेतली चावी सबस्टेशनची आणि दुसरी याची. टेस्लाच्या दोन लहरींसारखं दोन्ही जुळल्यावरच काम सुरू.

माझं मत विचाराल तर मशीनच्या वायरलेस कुलपालाही असंच असावं. मालकानं चोरासाठी कुलूप जरूर घालावं. आज मिळणाऱ्या या कुलपांना मशीन दुरून बंद ठेवता येतं, दुरून चालू करून फिरवता येत नाही, ही त्यातली चांगली बाजू. ती तशीच राहिली पाहिजे. पाती बदलणाऱ्या माणसाची बोटं ग्राइंडरजवळ असताना शेवटचा शब्द त्याच्या हातातल्या बटणाचा आणि काढून ठेवलेल्या बॅटरीचा असावा. दुसरं म्हणजे, कुलूप आहे हे कामगाराला माहीत हवं. पितळी बिल्ला खिळ्यावर दिसायचा. हवेतला बिल्ला दिसत नाही. मशीन कुठं होतं, किती वेळ चाललं, कुणी चालवलं, याची नोंद मालकाच्या मोबाइलवर जाते आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, असं होता कामा नये. मजुरी थकलेली असताना सकाळी साइटवर मशीन अचानक मुकं झालं, तर त्याला बिघाड म्हणायचं की टाळेबंदी? गिरणीच्या फाटकावर निदान कुलूप दिसत तरी होतं. समोर उभं राहून घोषणा देता येत होत्या.

आणि जे स्वतःचं मशीन स्वतःच्या पैशानं घेतात, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या बाजारात असं वायरलेस ड्रिल स्वस्तात मिळालं तर बटण दाबून ते फिरतंय एवढं पाहून घेऊ नका. ते कुणाच्या मोबाइलवर नोंदलेलं आहे ते विचारा, आणि विकणाऱ्यानं तुमच्यासमोर ती नोंद काढून टाकल्याशिवाय पैसे देऊ नका. कारण काही मशीनच्या आत घड्याळात असतो तसा एक छोटा सेल असतो. मोठी बॅटरी काढून पिशवीत टाकली तरी तो सेल आतल्या आत मशीनचं नाव पुकारत राहतो.